सशाची जोडी: निवड सशाची, जबाबदारी माणसाची

पाळीव ससा माणसाच्या सहवासात राहू लागून अनेक शतके लोटली असली, तरी स्वभावाने तो आजही कळपात राहणारा प्राणी आहे, आणि त्याच्या संगोपनातील कितीतरी अडचणींचे मूळ या एका गोष्टीकडे झालेल्या दुर्लक्षात आहे. शहरांतील घरांत मुलांच्या हट्टापायी, किंवा कमी जागेत आवाज न करता राहतो म्हणून, ससा आणला जातो; तो बहुधा एकटाच आणला जातो, पिंजऱ्यात ठेवला जातो, आणि गुपचूप बसतो म्हणजे सुखात आहे असे गृहीत धरले जाते. पुढे केव्हातरी तो एकटा पडला आहे याची जाणीव घरच्यांना झाली, की बाजारातून दुसरा ससा आणून त्याच पिंजऱ्यात सोडला जातो, आणि मग एक तर दोघे रक्तबंबाळ होईपर्यंत भांडतात किंवा महिन्याभरात पिंजरा पिल्लांनी भरतो. सोबत ही सशाची खरी गरज आहे. पण केवळ दुसरा ससा विकत आणल्याने ती भागत नाही. ती भागवण्याची एक पद्धत आहे, त्या पद्धतीला वेळ लागतो, आणि सोबती स्वीकारायचा की नाही याचा अंतिम निर्णय सशाकडेच राहतो.

कळपाचा वारसा

लाल डोळ्यांचा पांढराशुभ्र न्यूझीलंड व्हाइट असो, लांब केसांचा अंगोरा असो किंवा लोंबत्या कानांचा लॉप असो, जगातील सर्व पाळीव ससे एकाच रानटी जातीपासून निर्माण झाले आहेत. ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस असे शास्त्रीय नाव असलेली ही जात मूळची स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्स या प्रदेशांतील असून, ती जमिनीखाली एकमेकांना जोडलेली बिळे खणते आणि तेथे लहान-लहान गटांनी राहते. महाराष्ट्रातील माळरानांवर आणि शेताच्या बांधांवर दिसणारा रानससा मात्र याहून वेगळा आहे. लेपस नायग्रिकॉलिस या नावाने ओळखला जाणारा हा प्राणी बीळ खणत नाही, गवतात किंवा झुडपाखाली अंगापुरता खळगा करून विसावतो आणि बव्हंशी एकटाच वावरतो. त्याची पिल्ले उघड्या डोळ्यांनी आणि अंगभर केस घेऊन जन्माला येतात, तर बिळातल्या सशाची पिल्ले जन्मतः आंधळी आणि केसविरहित असतात. दोघांच्या पेशींतील गुणसूत्रांची, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहून नेणाऱ्या घटकांची, संख्याही निराळी आहे: पाळीव सशात ती ४४, तर रानसशात ४८ असते, आणि त्यांचा संकर होत नाही. त्यामुळे शेतात सापडलेले रानसशाचे पिल्लू पाळीव सशाला सोबत म्हणून घरी आणणे हे दोघांच्याही दृष्टीने चुकीचे आहे. शिवाय रानसशाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने ते बेकायदेशीरही आहे.

बिळातल्या सशाचे सामाजिक जीवन किती गुंतागुंतीचे असते, याकडे सामान्य वाचकांचे लक्ष प्रथम वेधले ते वेल्समधील निसर्ग-अभ्यासक रोनाल्ड लॉकली यांनी. पेम्ब्रोकशर परगण्यात कुंपणाआड राहणाऱ्या रानटी सशांचे त्यांनी दीर्घकाळ निरीक्षण केले आणि १९६४ मध्ये ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ द रॅबिट’ हे पुस्तक लिहिले. रिचर्ड अॅडम्स यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरशिप डाउन’ या कादंबरीसाठी याच पुस्तकातील माहितीचा आधार घेतला. सशांच्या गटात नरांची आणि माद्यांची स्वतंत्र उतरंड असते, म्हणजे कोण वरचढ आणि कोण दुय्यम हे ठरलेले असते, आणि ते एकदा ठरले की रोजच्या भांडणांची गरज उरत नाही. ऑस्ट्रेलियात रोमन मिकितोविच यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत केलेल्या संशोधनातून या व्यवस्थेतील गंधाचे स्थान स्पष्ट झाले. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. तो दगड, झुडूप, बिळाचे तोंड, इतकेच नव्हे तर गटातील इतर ससेही, हनुवटी घासून आपल्या वासाने अंकित करतो, आणि गटातील वरचढ नर हे काम सर्वांत जास्त करतो. घरातला ससा खुर्चीच्या पायाला किंवा दाराच्या चौकटीला हनुवटी घासताना दिसतो, तेव्हा तोही आपल्या मालकीच्या सीमा आखत असतो. नवा ससा अशा आखलेल्या हद्दीत अचानक आला तर त्याच्यावर हल्ला होणे हे दुष्टपणाचे नव्हे, तर सशाच्या दृष्टीने कर्तव्याचे लक्षण आहे.

एकटेपणाचे पुरावे

कळपात राहण्याचे फायदे भक्ष्य म्हणून जगणाऱ्या प्राण्याला सर्वांत अधिक कळतात. एक ससा चरत असताना दुसरा कान टवकारून असतो, धोका जाणवताच मागचा पाय जमिनीवर आपटून इशारा देतो, आणि थंडीत दोघे अंगाला अंग लावून ऊब राखतात. एकट्या सशाला ही सगळी राखण स्वतःच करावी लागते, म्हणून तो पूर्ण विसावत नाही. सोबतीची ही ओढ किती तीव्र असते, हे मोजण्याचा प्रयत्न ब्रिटनमधील संशोधकांनी केला, आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतील मादी सशांना अन्नापर्यंत किंवा दुसऱ्या सशापर्यंत पोहोचण्यासाठी वजन लावलेले दार ढकलावे लागे आणि ते वजन टप्प्याटप्प्याने वाढवले जाई; अन्नासाठी माद्या जेवढे श्रम घेत, त्याच्या जवळपास श्रम त्यांनी सोबत मिळवण्यासाठीही घेतले. ब्रिटनमधील एका प्राणिनिवाऱ्यात झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एकट्या ठेवलेल्या सशांपैकी अनेक जण पिंजऱ्याचे गज चावत असल्याचे दिसले, तर जोडीने राहणाऱ्या सशांत हे वर्तन आढळले नाही.

एकटेपणाची लक्षणे ओळखणे मात्र सोपे नसते, कारण भक्ष्य प्राणी आपली कमजोरी लपवतो. गज चावत राहणे, स्वतःच्या अंगावरचे केस उपटणे, तासन्‌तास एकाच कोपऱ्यात बसणे, खेळणे सोडून देणे किंवा उचलून घेताच चावणे ही त्याची रूपे असू शकतात. पण हीच लक्षणे दातदुखी, त्वचारोग किंवा पोटाच्या विकारातही दिसतात, म्हणून एकटेपणाचे निदान करण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते.

माणसाची सोबत पुरेशी नाही का, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो. ससा पहाटे आणि संध्याकाळी सर्वाधिक जागा व उत्साही असतो, आणि नेमक्या याच वेळी घरातली माणसे झोपलेली असतात, नाही तर कामाच्या घाईत असतात. प्रेमळ माणूसदेखील त्याचे कान चाटून साफ करू शकत नाही, रात्रभर त्याच्या कुशीला बसू शकत नाही आणि सशाच्या देहबोलीत त्याच्याशी बोलू शकत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू असलेल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने पाळीव प्राण्याच्या गरजांत त्याला इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून वेगळे ठेवण्याची गरज स्पष्टपणे नोंदवली आहे, आणि तेथील सशांसाठी काम करणाऱ्या संस्था ससे जोडीनेच ठेवावेत असा आग्रह धरतात.

सोबती कोण असावा

सशाचा योग्य सोबती म्हणजे दुसरा ससा. या नियमाला पर्याय नाही. ससा आणि गिनीपिग यांना एकत्र ठेवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते, पण ती दोघांनाही त्रासदायक आहे. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नसल्याने त्याला ते आहारातून द्यावे लागते, तर सशाला त्याची अशी गरज नसते. सशाच्या मागच्या पायांची लाथ गिनीपिगचे हाड मोडू शकते. आणि सशाच्या श्वसनमार्गात निरुपद्रवीपणे वास करणारा बॉर्डेटेला नावाचा जिवाणू गिनीपिगला न्यूमोनियाने मारू शकतो. मांजर किंवा कुत्रा सशाशी शांतपणे वागला, तरी ती सहनशीलता झाली, सोबत नव्हे.

सशांमध्ये सर्वांत सहज जमणारी जोडी म्हणजे निर्बीजीकरण केलेला नर आणि निर्बीजीकरण केलेली मादी. निर्बीजीकरण म्हणजे प्रजननक्षमता शस्त्रक्रियेने कायमची नाहीशी करणे. नराची वृषणे काढली जातात, तर मादीचे गर्भाशय आणि बीजकोश काढले जातात. एकाच विणीतली दोन भावंडे लहानपणापासून एकत्र वाढली असतील तर तीही एकत्र राहू शकतात, मात्र त्यांचेही वेळेवर निर्बीजीकरण झालेले असावे लागते. दोन अनोळखी माद्या किंवा दोन अनोळखी नर यांची जोडी जमणे अशक्य नसले तरी त्याला अधिक वेळ आणि अनुभव लागतो. दोन अनिर्बीजित नर एकत्र ठेवणे तर सरळसरळ धोक्याचे आहे, कारण ते एकमेकांच्या गुप्तांगांवर हल्ला करतात आणि त्यातून गंभीर जखमा होतात. जात, रंग किंवा आकार यांना सशांच्या लेखी फारसे महत्त्व नसते. स्वभाव आणि शारीरिक क्षमता यांना असते. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या सशाला चार महिन्यांचे अवखळ पिल्लू सोबती म्हणून देणे हा त्याच्यावरचा अन्याय असतो, म्हणून वयाचा मेळ पाहणे इष्ट ठरते.

लहान पिल्लांबाबत एक गैरसमज वारंवार नुकसान करतो. दोन-अडीच महिन्यांची दोन पिल्ले एकमेकांना बिलगून बसलेली पाहून त्यांची जोडी जमली असे मानले जाते. पण ही जवळीक बालवयाची असते, आणि साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात शरीरात लैंगिक संप्रेरके, म्हणजे वाढ व वर्तन नियंत्रित करणारी रसायने, वाढू लागली की तीच पिल्ले एकमेकांवर तुटून पडतात. त्यात भर म्हणजे पिल्लांचे लिंग ओळखणे अवघड असते. नराची वृषणे साधारण अडीच-तीन महिन्यांच्या वयात खाली उतरतात, त्यामुळे दुकानात ‘दोन माद्या’ म्हणून घेतलेल्या पिल्लांपैकी एक नर निघणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी पशुवैद्यकाकडून लिंगाची खात्री करून घेणे आणि खात्री होईपर्यंत दोघांना वेगळे ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

निर्बीजीकरण: जोडीचा पाया

सशाच्या मादीला ठरावीक ऋतुचक्र नसते. समागम झाल्यावरच तिच्या बीजकोशातून बीज बाहेर पडते, आणि म्हणून नर भेटला की गर्भधारणा जवळपास ठरलेलीच असते. गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो, आणि पिल्लांना जन्म दिल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. ‘एकदा पिल्ले होऊ दे, मग पाहू’ हा विचार म्हणूनच महागात पडतो, कारण पाहण्याची वेळ येते तोवर दुसरी वीण पोटात असते आणि पहिल्या विणीतील पिल्लांना घरे मिळालेली नसतात.

निर्बीजीकरणाचे दुसरे कारण आरोग्याचे आहे. अनिर्बीजित माद्यांमध्ये वयाबरोबर गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण झपाट्याने वाढते; काही अभ्यासांत पाच वर्षांच्या आसपासच्या माद्यांमध्ये ते निम्म्याहून अधिक आढळले आहे. तिसरे कारण वर्तनाचे: संप्रेरकांचा जोर ओसरल्यावर मूत्राचे फवारे उडवणे, हद्दीवरून झुंजणे आणि सतत अंगावर चढणे कमी होते, आणि तेव्हाच खऱ्या अर्थाने ओळखीला सुरुवात करता येते.

शस्त्रक्रियेनंतर लगेच जोडी लावण्याची घाई मात्र करू नये. वृषणे काढल्यावरही नराच्या प्रजननमार्गात शुक्राणू काही काळ शिल्लक असतात, त्यामुळे तो सहा आठवड्यांपर्यंत मादीला गाभण करू शकतो. मादीच्या पोटावरची जखम भरून येण्यास आणि तिची संप्रेरके शांत होण्यासही चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. ससा ओकू शकत नसल्याने शस्त्रक्रियेपूर्वी त्याला उपाशी ठेवायचे नसते, उलट त्याचे आतडे चालू राहावे म्हणून अखेरपर्यंत गवत द्यायचे असते. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन गटातील प्रतिजैविके सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकतात, आणि कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांवर सर्रास वापरले जाणारे फिप्रोनिल हे औषध त्याला विषारी ठरते. या साध्या गोष्टींविषयी पशुवैद्यकाला आधीच विचारावे. जो सशाला उपाशी आणायला सांगतो, त्याच्या हाती ही शस्त्रक्रिया सोपवू नये.

आधी गंधाची ओळख

नवा ससा घरी आल्यावर त्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवणे, म्हणजेच त्याचे विलगीकरण करणे, आवश्यक असते. कानातील खरूज, आतड्यांतील परजीवी, शिंका आणि नाकातून पू आणणारा श्वसनाचा संसर्ग किंवा मूत्रावाटे पसरणारा आणि मज्जासंस्थेवर आघात करणारा एन्सेफॅलिटोझून हा सूक्ष्मजीव, यांपैकी काही असल्यास ते या काळात तपासता येते, आणि घरातल्या सशाला लागण होण्याचा धोका कमी होतो.

त्यानंतर दोघांना एकाच खोलीत, पण शेजारी-शेजारी आणि जाळीच्या दोन वेगळ्या कुंपणांत ठेवावे. दोन जाळ्यांमध्ये वीतभर अंतर असावे, नाही तर जाळीतूनच नाक किंवा पायाची बोटे चावली जातात. दररोज एकाची बसण्याची चादर, खेळणे आणि मलमूत्राच्या ट्रेमधील थोडे गवत दुसऱ्याच्या कुंपणात ठेवावे, आणि काही दिवसांनी दोघांच्या जागांचीच अदलाबदल करावी. सुरुवातीला परक्या वासावर पाय आपटला जातो, लेंड्या पसरल्या जातात आणि हनुवटी पुन्हा पुन्हा घासली जाते. हळूहळू तो वास घरचाच होतो. कोथिंबिरीची किंवा मेथीची काडी दोन्ही बाजूंनी जाळीजवळ एकाच वेळी दिली, तर शेजारी बसून खाण्याची सवय लागते. दोघे जाळीला पाठ लावून निवांत आडवे होऊ लागले, की प्रत्यक्ष भेटीची वेळ आली असे समजावे. त्याला काहींना एक आठवडा पुरतो, तर काहींना दोन महिनेही लागतात.

पहिली भेट

ही भेट ज्या जागेवर दोघांपैकी कोणाचाही हक्क नाही अशाच जागी व्हावी: ज्या खोलीत आजवर एकही ससा गेलेला नाही ती खोली, शेजाऱ्यांचा बंदिस्त व्हरांडा किंवा कोरडे न्हाणीघर यासाठी चालते. सशाच्या पावलांना कुत्र्या-मांजरांसारख्या गाद्या नसतात आणि गुळगुळीत फरशीवर तो घाबरून घसरतो, म्हणून खाली सतरंजी अंथरावी; दोन्ही बाजूंनी उघडे असलेले दोन खोके ठेवावेत, म्हणजे पळणारा कोंडला जाणार नाही; आणि दोन ठिकाणी वाळलेले गवत पसरून ठेवावे. हाताशी जाड हातमोजे, टॉवेल आणि केर भरायची मोठी सुपली असावी, कारण भांडणाऱ्या सशांमध्ये उघडा हात घातला तर चावा खोलवर बसतो.

पहिली काही मिनिटे दोघे एकमेकांची दखलच न घेता कोपरे हुंगत राहतात, आणि हे शुभलक्षण मानावे. मग एक जण मागचे पाय जागीच रोवून, मान आणि धड ताणून, दुसऱ्याची पाठ आणि शेपटीकडचा भाग हुंगतो व दचकून मागे सरतो. पाठलाग होतो, एकमेकांच्या पाठीवर चढले जाते, केसांचा एखादा पुंजका तोंडात येतो. उतरंड ठरवण्याची ही रीत असल्याने ती थोडा वेळ चालू द्यावी. मात्र एक जण दुसऱ्याच्या डोक्याकडून चढला तर त्याला ताबडतोब बाजूला करावे, कारण त्या स्थितीत खालच्या सशाचे दात वरच्याच्या गुप्तांगापाशी असतात. शेपटी उभी, कान मागे चिकटलेले आणि दोघे एकमेकांभोवती वेगाने गोल फिरू लागलेले दिसले, की पुढच्या क्षणी झुंज होणार हे ओळखून मध्ये सुपली सरकवावी. एकदा रक्त निघाले तर भेट थांबवून पुन्हा शेजारी-शेजारी कुंपणांपर्यंत मागे जावे लागते.

भेटीतील निर्णायक क्षण बहुधा अगदी साधा असतो. एक ससा दुसऱ्यासमोर जाऊन डोके जमिनीला टेकवतो आणि तसाच थांबतो. ती शरणागती नसून ‘मला चाट’ ही मागणी असते, आणि ती बहुधा वरचढ ससाच करतो. कधी दोघेही डोके टेकवून बसतात, कोणीच माघार घेत नाही, आणि अखेर एक जण कंटाळून दूर जातो. काही भेटींनंतर एके दिवशी त्यातला एक जण समोरच्याचे कपाळ दोन-चार वेळा चाटतो, डोळ्यांच्या कडा साफ करतो, आणि नाते जमण्याच्या मार्गाला लागते. भेट दहा-पंधरा मिनिटांचीच असावी, रोज व्हावी, आणि शक्यतो दोघे शांत असतानाच संपवावी, म्हणजे सहवासाची आठवण भीतीशी जोडली जात नाही. दोघांना घाबरवून एकमेकांना चिकटायला लावण्याची, उदाहरणार्थ गाडीत घालून फिरवण्याची, युक्ती काही जण सांगतात. पण घाबरलेला ससा खाणे सोडतो आणि त्याचे आतडे मंदावते, म्हणून ती टाळावी.

भेटीचा वेळ वाढवत नेऊन दोघे एकत्र खाऊ लागले, एकमेकांना चाटू लागले आणि अंगाला अंग लावून झोपू लागले, की सलग दोन दिवस-रात्री देखरेखीखाली काढाव्यात, आणि त्यात एकही झुंज झाली नाही तर जोडी जमली असे मानावे. दोघांचे कायमचे घर त्याआधी स्वच्छ धुऊन, सामान नव्याने मांडून ठेवावे, म्हणजे जुन्या मालकाला ते आपले एकट्याचे वाटणार नाही. काही जोड्या कितीही प्रयत्न केले तरी जमत नाहीत. अशा वेळी हट्ट न धरता दुसरा सोबती शोधावा, आणि म्हणूनच ब्रिटन-अमेरिकेतील अनेक निवारे सशाला तेथेच आणून दोन-तीन सशांशी भेटवतात व त्याचा कल पाहून सोबती देतात. अमेरिकेत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या हाउस रॅबिट सोसायटीने दत्तक-पद्धतीचा आणि घरात मोकळ्या राहणाऱ्या सशाचा जो प्रचार केला, त्याने या विचाराला मोठे बळ दिले.

जमलेली जोडी टिकवणे

जमलेली जोडी तुटू शकते, आणि त्याचे मोठे कारण बहुधा ताटातूट असते. एक ससा आजारी पडून दवाखान्यात राहिला आणि औषधांच्या वासासह परतला, तर दुसरा त्याला परका समजून हल्ला करतो. म्हणून दोघांनाही बरोबर नेणे आणि बरोबर आणणे हा नियम पाळावा. आजाऱ्याला सोबतीमुळे खाण्याचाही हुरूप येतो. सशाने बारा तास काहीही खाल्ले नाही, किंवा लेंड्या टाकणे थांबवले, तर ती तातडीची वैद्यकीय स्थिती असते, आणि जोडीत कोण खात नाही हे कळण्यासाठी दोघांना रोज खाताना पाहिले पाहिजे.

एक ससा मरण पावल्यास उरलेल्याला त्याच्या मृतदेहाजवळ थोडा वेळ राहू द्यावे असे अनुभवी पशुवैद्यक सुचवतात. मृत्यू न पाहिलेला ससा सोबत्याला कित्येक दिवस शोधत राहतो, खाणे कमी करतो आणि स्वतःही आजारी पडू शकतो. नवा सोबती केव्हा आणायचा याला एकच उत्तर नाही. उरलेला ससा नीट खाऊ-फिरू लागल्यावर, पुन्हा तीच सगळी पद्धत पाळून, त्याच्या वयाला साजेसा सोबती पाहावा. अतिवृद्ध किंवा शस्त्रक्रिया सोसणार नाही अशा सशाला सोबती देणे शक्य नसेल, तर घरातल्यांनी सकाळ-संध्याकाळ जमिनीवर, त्याच्या उंचीवर, बसून त्याच्याबरोबर वेळ घालवावा. हे सोबतीला पर्याय नसले तरी त्याच्या दिवसात मोठा फरक पडतो.

मराठी घरातील वास्तव

जोडीचा खर्च आणि जागा यांचा हिशेब आधीच मांडला पाहिजे. ब्रिटनमधील रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी सतत मोकळी जागा सुचवते. शहरांतील वन-बीएचके घरांत एवढी जागा द्यायची तर पिंजरा बाजूला ठेवून एका खोलीचा कोपराच सशांना द्यावा लागेल. आहाराचा बहुतांश भाग वाळलेले किंवा हिरवे गवत असावा. लसूणघासात कॅल्शियमचे प्रमाण जास्त असल्याने प्रौढ सशांना तो रोजचा आहार म्हणून देऊ नये. सशाला घाम येत नाही, तो उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि तापमान तीस अंशांपुढे गेले की त्याला उष्माघाताचा धोका वाढतो; विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पंखा, कूलर आणि सावली यांची सोय दोघांसाठी हवी. सशांच्या भेटींचे सत्र अशा तडाख्याच्या दिवसांत आरंभूच नये.

सोबती शोधताना दुकानापेक्षा प्राणिनिवारे, स्थानिक प्राणिप्रेमी गट आणि ससे सांभाळणे न जमलेली कुटुंबे यांकडे आधी चौकशी करावी, कारण सोडून दिलेल्या सशांची संख्या कमी नाही आणि त्यांतले काही आधीच निर्बीजीकरण झालेले असतात. दुकानातून घ्यायचेच ठरले, तर प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध (पाळीव प्राणी दुकान) नियम, २०१८ नुसार त्या दुकानाची राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्राहकाला आहे आणि तो त्याने वापरावा.

नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षे जगतो, म्हणजे दुसरीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला ससा ते मूल महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असू शकतो. ज्या घराला दोन सशांपुरती जागा, दोन शस्त्रक्रियांचा खर्च आणि पुढची दहा वर्षे देता येणार नाहीत, त्या घराने एकही ससा आणू नये, हेच सशाच्या हिताचे आहे. ज्यांच्या घरी आज एकटा ससा आहे, त्यांनी मात्र त्याला असेच एकटे राहू देऊ नये. आधी सशांची जाण असलेला पशुवैद्यक शोधावा, त्याच्याकडून तपासणी आणि निर्बीजीकरण करून घ्यावे, आणि त्यानंतरच, घाई न करता, सशाला त्याचा सोबती त्यालाच निवडू द्यावा.